नाकवाल्या मॅडम

"दूध करपलं!"

"दिसतंय मला."

"आत्ता दिसतंय! मला बाथरूममध्ये, दार लावून, डोक्यावर पाणी ओतताना वास आला. आणि तू? तू शेगडीला टेकून उभी होतीस!"

"फोनवर बोलत होते."

"फोन तिकडे फ्रिजवर पडलाय. चार्जिंगला."

"मग विचारात होते."

"विचारात असलं की नाक बंद पडतं का माणसाचं? परवा गॅसचं बटण अर्धवट राहिलं, तेव्हाही विचारातच होतीस. आणि काल मी आंबलेली भाजी तुझ्या नाकाखाली धरली, मुद्दाम. म्हटलं, बघू या. तर म्हणतेस कशी, 'वा, छान वास सुटलाय!'"

"तू माझी परीक्षा घेतलीस?"

"तू जगाची घेतेस, मी तुझी घेतली. नापास झालीस."

आईने पातेलं नळाखाली धरलं आणि पाठ वळवूनच विचारलं, "तापानंतर?"

मुलगी ओट्यावर सांडलेल्या दुधावरून फडकं फिरवत राहिली.

"अगं, मी काय विचारते?"

"हो. तापानंतर."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ताप, आणि इतक्या वर्षांच्या वाफा. वास परत येईल म्हणाले. नाही आला तर नाही, असंही म्हणाले."

"मग सरांना सांग. तिथे पोरं असतात, ज्वाळा असतात, काय काय उकळत असतं. उद्या एखादी बाटली गळायला लागली आणि तुला कळलंच नाही तर?"

"एवढं कॉन्ट्रॅक्ट होऊ दे. मग सांगते."

"कॉन्ट्रॅक्ट होऊ दे, मग दात दाखवते. कॉन्ट्रॅक्ट होऊ दे, मग चष्मा बदलते. कॉन्ट्रॅक्ट होऊ दे, मग स्थळं बघ. तुझे केस पांढरे झाले, ते बरे थांबले नाहीत कॉन्ट्रॅक्टसाठी!"

यावर एरवी दोघी हसल्या असत्या. त्या सकाळी आईने काथ्या उचलला आणि पातेल्याचा तळ घासायला घेतला. तो आवाज ऐकतच मुलगी जिना उतरली.

विद्यापीठाच्या कागदांवर ती 'तात्पुरती, तासिका तत्त्वावर' होती. सेंद्रिय रसायनाची प्रॅक्टिकल्स घ्यायची, परीक्षा संपली की घरी जायचं, सुट्टीनंतर पुन्हा मुलाखत द्यायची. वडिलांच्या आजारपणात संशोधन अर्धवट सुटलं होतं. ते आजारपण वडिलांबरोबर संपलं, संशोधन काही पुन्हा हाती लागलं नाही. तात्पुरती, तात्पुरती म्हणता म्हणता तिने शिकवलेली मुलं कायम नोकरीवर लागून तिच्याच विभागात बसायला लागली. चहाला तिला आग्रहाने बोलवायची, आणि मीटिंग सुरू झाली की हळूच म्हणायची, "मॅडम, तुम्ही थांबायची गरज नाही."

मुलांच्या तोंडी मात्र ती 'नाकवाल्या मॅडम' होती, आणि या नावाला कारण होतं. ती नवी असताना कोठारात जुन्या बाटल्यांचा एक खोका निघाला. सगळ्यांची लेबलं गळून गेलेली. विभागप्रमुख सर म्हणाले, "फेकून द्या सगळं." ही पुढे झाली. बाटली हातभर लांब धरायची, झाकण उघडायचं, तळहाताने हवा आपल्याकडे वळवायची आणि नाव सांगायचं. हा बुटाच्या पॉलिशचा, नायट्रोबेन्झीन. हा दवाखान्यातल्या फरशीचा, फिनॉल. सरांनी मग हौसेने एकेक तपासून घेतलं. सगळी नावं बरोबर निघाली. तेव्हापासून विभागात पाहुणे आले की सर तिला बोलावून घ्यायचे, आणि घरातल्या लहान मुलाला कविता म्हणायला लावावी तसं म्हणायचे, "मॅडम, दाखवा जरा!"

ती दाखवायची. दर वर्षी मुलाखतीला बाहेरच्या बाकावर तिच्याहून मोठ्या पदव्यांचे उमेदवार बसलेले असायचे, आणि दर वर्षी सर आत म्हणायचे, "यांना राहू द्या. यंत्र बिघडलंय आपलं, यांचं नाक चालू आहे."

रसायनं ओळखायचं ते यंत्र खरंच बिघडलेलं होतं. खोळ घालून कोपऱ्यात उभं होतं. आता तीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहू शकली असती, फक्त हे कोणाला ठाऊक नव्हतं.

वर्गात ती अजूनही हात हलवून दाखवायची. "नाक भांड्याकडे न्यायचं नाही. वासाला आपल्याकडे बोलवायचं, पाहुण्याला बोलावतो तसं. आणि वास ही कानगोष्ट आहे. ऐकायची, पण सही पुराव्यावर करायची. ट्यूबमध्ये जे दिसलं ते लिहायचं. नाही दिसलं, तर 'नाही दिसलं' असं लिहायचं."

हे शेवटचं वाक्य शब्दशः मानणारी एकच मुलगी त्या वर्गात होती. किडकिडीत, ॲप्रनच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायची म्हणून मॅडम तिला 'वकीलसाहेब' म्हणत. एकदा सगळ्या टेबलांवर पांढरेशुभ्र स्फटिक पडले आणि हिच्या बीकरमध्ये नुसतं पाणी राहिलं.

"लिही ना, आले म्हणून," शेजारचा मुलगा म्हणाला. "माझ्यातले चिमूटभर घे."

"माझ्यात आले नाहीत."

"अगं, त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

तिने जर्नलमध्ये लिहिलं, 'स्फटिक आले नाहीत.' मॅडमनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यात जास्त मार्क तिला दिले. पोरं कुजबुजली, पुढच्या वेळी कोणीच स्फटिक पाडायला नकोत. वकीलसाहेब मात्र कानापर्यंत लाल झाली, आणि त्या दिवसापासून तिच्या ट्यूब आणखीच चकचकीत राहू लागल्या. धुऊन झाल्या की प्रत्येक ट्यूब स्टँडवर उलटी घालायची. दुसऱ्याची सुलटी दिसली तर तीही.

वार्षिक परीक्षेच्या आदल्या दुपारी मॅडम कुप्या भरत होत्या. परीक्षेत प्रत्येकाला एक कुपी मिळते, आत काय आहे ते त्याने चाचण्या करून ओळखायचं. लॅबमधले मामा दोन बाटल्या घेऊन आले.

"मॅडम, ह्यांची लेबलं ॲसिडच्या वाफेनं खाल्ली बघा. एकीत तुमचं ते बदामवालं आहे, आणि एकीत दुसरं."

बदामवालं म्हणजे बेन्झाल्डिहाइड, कडू बदामाच्या वासाचं. दुसरं ॲसिटोफिनोन, कीटोन, फुलांसारखं गोडसर. दिसायला दोन्ही पाण्यासारखी. मॅडमनी पहिली बाटली उघडली, तळहाताने हवा वळवली. काहीच आलं नाही. दुसरी उघडली. भिंतीचा वास घ्यावा तसं.

चाचणी करता आली असती. चांदीचं ताजं द्रावण करायचं, थेंब टाकायचा, ट्यूब कोमट पाण्यात ठेवायची. अल्डिहाइड असेल तर काचेला आतून चांदी चढते, ट्यूबचा आरसा होतो. कीटोन असेल तर काही होत नाही. पण मामा समोर उभे होते. नाकवाल्या मॅडमना ट्यूब कशाला लागली, असं त्यांनी विचारलं असतं. विचारलं नसतं, तरी चहाच्या टपरीवर सांगितलं असतं.

"ही," मॅडम म्हणाल्या. "ही बदामवाली."

"झालं! तुम्ही असल्यावर लेबलं हवीत कशाला?"

संध्याकाळी निवांत तपासू, असं तिने मनाशी ठरवलं. पण मग बैठक व्यवस्थेसाठी सरांनी बोलावलं, तिथे शाई संपलेला प्रिंटर निघाला, आणि संध्याकाळ त्यातच गेली. त्या बाटलीतलं द्रव एकाच कुपीत भरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती कुपी वकीलसाहेबांच्या वाट्याला आली.

एक्स्टर्नल म्हणून आलेले परीक्षक वयस्क होते, मिस्कील होते. टेबलाशी बसून एकेकाला बोलावत होते. विभागप्रमुख सर दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे होते. सकाळीच जाता जाता ते मॅडमना म्हणाले होते, "तुमचा पुढच्या वर्षाचा कागद तयार आहे हं, यंदा मुलाखत नाही. परीक्षा आटोपली की सही करून टाकू."

"तर मग," एक्स्टर्नल म्हणाले, "कुपीत काय आहे?"

"कीटोन, सर," वकीलसाहेब म्हणाली.

त्यांनी समोरच्या कागदावर नजर टाकली. "नक्की? आरशाची चाचणी केलीस?"

"केली. आरसा आला नाही."

"ट्यूब मळकी असेल."

"मळकी असती तर निदान काळपट गाळ बसला असता, सर. पाण्यासारखी स्वच्छ राहिली. आणि तीनदा धुतली होती."

"मग तापवली नसशील."

"तापवली. सर, वाससुद्धा बदामाचा नाही. फुलांसारखा आहे."

"अरे वा, इथे नाकांचं घराणंच आहे का?" एक्स्टर्नल मागे रेलले. "तुमच्या मॅडमचं नाक फार प्रसिद्ध आहे म्हणे. तुमचे सर मघापासून तेच सांगतायत. मॅडम, या बरं. तुम्हीच निकाल द्या."

लॅबमधली सगळी डोकी वर झाली. सर चौकटीतच सरळ झाले, हसले. आपल्या घरचा हिरा बाहेरच्याला दाखवायची वेळ आली होती. मॅडम टेबलाजवळ आल्या. मुलीने कुपी पुढे केली. तिच्या चेहऱ्यावर जराही भीती नव्हती. आता मॅडम सांगतील आणि झालं, असा तो चेहरा होता.

मॅडमनी कुपी हातभर लांब धरली. तळहाताने हवा वळवली, एकदा, दोनदा. डोळे मिटले. इतक्या वर्षांत हजार वेळा केलेली ती हालचाल होती. तेव्हा तिच्या शेवटी काहीतरी येऊन भेटायचं. आता कोणी येत नव्हतं. मिटल्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो तयार कागद, त्याच्यावरची सहीची मोकळी जागा.

"कडू बदाम," मॅडम म्हणाल्या.

"घ्या! मॅडमनी उत्तरच सांगून टाकलं," एक्स्टर्नल हसले. सगळेच हसले. "जा बाळ, वेळ आहे अजून. चाचणी पुन्हा कर. नीट कर, म्हणजे दिसेल."

मुलगी हलली नाही. मॅडमकडे बघत म्हणाली, "मॅडम, पुन्हा एकदा घेऊन बघता?"

"सांगितलं ना," मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण आईवर ओरडताना लागतो तसा लागला. "जा. ट्यूब नीट धू."

नळ कितीतरी वेळ वाहत होता. मॅडमनी तिकडे पाहिलं नाही. दुसऱ्या टोकाच्या टेबलावर जाऊन त्या एका मुलाला, बर्नर लहान कर, लहान कर, असं सांगत राहिल्या. त्याचा बर्नर केव्हाच बंद झाला होता.

सगळे गेल्यावर, ऊन अजून खिडकीत होतं तेव्हा, तिने दार लोटून घेतलं. दोन ट्यूब घेतल्या, घासल्या, पुन्हा घासल्या. चांदीचं द्रावण केलं. कालच्या 'बदामवाल्या' बाटलीतले दोन थेंब एकीत, दुसऱ्या बाटलीतले दोन थेंब दुसरीत. कोमट पाण्यात दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्टूल ओढून बसली.

पहिली ट्यूब तशीच राहिली. निर्मळ.

दुसरीवर आधी तपकिरी छटा आली, मग खालून वर चांदी चढत गेली. भरलेला, निर्दोष आरसा. काचेच्या गोलाईत तिचा चेहरा दोन्हीकडून दबला होता आणि मधोमध नुसतं नाक दिसत होतं. प्रचंड मोठं, विदूषकाच्या नाकासारखं.

तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडला. मार्क तिलाही द्यायचे होते. वकीलसाहेबांचं अक्षर लांबूनही ओळखू येई. 'कीटोन' हा शब्द एका रेघेने खोडला होता, शेजारी 'अल्डिहाइड'. आणि त्याखाली, कुठेही हात न थरथरता लिहिलेलं वाक्य होतं, 'आरसा आला. स्वच्छ व चकचकीत.'

एक्स्टर्नलनी शेजारी पूर्ण मार्क दिले होते.

घरी आईने दार उघडलं, चेहरा बघितला आणि ताट वाढलं. जेवताना मुलगी म्हणाली, "आई, आज मला एका पोरीने पुन्हा वास घ्यायला सांगितलं."

"मग?"

"नाही घेतला."

"घेऊन आला असता का?"

"नाही. पण घ्यायला हवा होता."

आईने तिच्या पानात भात वाढला. तिने तो नुसता चिवडला. तापापासून चवही अर्धीच राहिली होती.

कॉन्ट्रॅक्टचा कागद आला. सही करून आणून द्या, म्हणून सर स्वतः टेबलावर ठेवून गेले. तो तिने खणात टाकला. रोज खण उघडायचा, बघायचा, बंद करायचा. मामा म्हणाले, "मॅडम, पेन देऊ का?" तर त्यांच्यावर खेकसली. मग मागाहून स्वतःच त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली.

निकाल लागल्यावर वकीलसाहेब लॉकरची किल्ली परत द्यायला आली. कागदावर मॅडमची सही हवी होती. नवा ड्रेस, केस घट्ट बांधलेले.

"मॅडम, नोकरी लागली. औषधांच्या कंपनीत, तपासणी विभागात. गोळ्या बाजारात जायच्या आधी आम्ही तपासायच्या."

"अरे वा." मॅडमनी सही केली, कागद मात्र हातातच ठेवला. "एक विचारू? आरसा आला होता?"

मुलीने किल्ली टेबलावर ठेवली. "आता कशाला, मॅडम?"

"आला होता का?"

"तुम्हीच म्हणालात ना, कडू बदाम."

"मी काय म्हणाले ते नाही विचारत. तुला काय दिसलं?"

"नाही आला. पुन्हा केली, तरी नाही आला. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मॅडमचं कसं चुकेल? वेळ संपत आली होती, तर..."

"तुझं काही चुकलं नव्हतं. कुपीत कीटोनच होतं. बाटली मी चुकीची घेतली."

"पण तुम्ही वास घेतलात की! माझ्यासमोर."

"मला वास येत नाही." एकदा बाहेर पडल्यावर ते वाक्य अगदीच लहान वाटलं. "तापानंतर गेला. त्या दिवशी मला काहीच आलं नव्हतं."

मुलीने तिच्याकडे पाहिलं. नाकाकडे नव्हे, डोळ्यांकडे.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले. सर होते, कागद व्हायचा होता. पण तू? तू तर कोणाला घाबरत नव्हतीस. तू का नाही लिहिलंस, नाही दिसलं म्हणून?"

"मी बोलले!" तिचा आवाज चढला. "मी दोनदा बोलले! त्यांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं, पुन्हा वास घ्या म्हटलं. सगळे हसले. तुम्ही म्हणालात, ट्यूब नीट धू. माझ्या ट्यूब मळक्या असतात, मॅडम?"

"नाही गं."

"मग!"

बाहेर मामा कोणाला तरी हाका मारत होते. मॅडमनी खण उघडला, सही न केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "मी आज सरांकडे जाणार आहे. सगळं सांगणार."

"सांगा. आणि मग मला बोलावतील. विचारतील, आरसा आलाच नव्हता तर आला असं का लिहिलंस? परीक्षेत खोटं निरीक्षण, म्हणजे निकाल राखून ठेवतील. मला सोमवारी हजर व्हायचंय. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून झालेत." ती आता रडत होती, पण रागाने. "तुमचं मन हलकं होईल, मॅडम. माझं काय?"

 हा विचार मॅडमच्या मनात आलाच नव्हता. इतके दिवस खण उघडताना आणि मिटताना त्यांना आपलीच सही दिसत होती.

"नाही सांगत," त्या अखेर म्हणाल्या. "जा तू."

मुलीने डोळे पुसले, कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"एवढंच सांग," मॅडम म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "तिकडे एखाद्या दिवशी ट्यूबमध्ये तुला काही दिसणार नाही. आणि साहेब म्हणतील, नीट बघ, दिसतंय. सगळे हसतील. तेव्हा काय लिहिशील?"

मुलगी दाराकडे निघाली. वाटेत सिंकशेजारच्या स्टँडवर एक ट्यूब सुलटी राहिली होती. ती थांबली, सवयीने ती ट्यूब उचलून उलटी घातली, आणि निघून गेली.